दात पिवळे दिसतायत म्हणून जोरात घासताय? आधी हे वाचा

आमच्या दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच असतं, की दात किडलेला नाहीये पण गार पाणी लागलं की सळकन कळ जाते. बघितलं तर खरंच कीड नसते, दात झिजलेला असतो.

घरी आरशासमोर ओठ वर करा आणि सुळ्याच्या मागच्या दाढांवर, अगदी हिरडीजवळ, नख वरून खाली हलकेच फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीये. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांची खाच बऱ्याचदा डावीकडे जास्त खोल असते, कारण हाताचा जोर त्या बाजूला लागतो.

दातावरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, ते हाडापेक्षा कडक असतं पण मोडलेलं हाड जुळतं तसं झिजलेलं इनॅमल परत येत नाही. ते पातळ झालं की आतला पिवळसर थर दिसायला लागतो, मग वाटतं दात घाण झाले, मग कडक ब्रश येतो, मीठ, कोळसा, राखुंडी, लाल मंजन सगळं होतं आणि दात अजूनच पिवळे दिसतात. यातूनच सगळ्यात जास्त दात वाया जाताना आम्ही बघतो.

मिश्रीचं तर वेगळं सांगायलाच हवं. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती, बोटाने रोज दोन-तीन वेळा घासली की दात झिजतात, हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं काकू-मावश्या सांगतात, ते खोटं बोलत नाहीत, निकोटिनची सवयच तशी असते, म्हणून घरच्यांनी रागावू नका, १८००११२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे, त्यांना लावून द्या.

चिंच, कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ना, तेव्हा आंबटपणाने कवच थोडा वेळ मऊ पडलेलं असतं. लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, उलटी, घशाशी येणारी अॅसिडिटी, सगळ्याचं तेच. अशा वेळी लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा. पित्ताचा त्रास जुना असेल तर त्याचे उपचार आधी, नाहीतर आम्ही दाताला काहीही केलं तरी झीज चालूच राहणार.

सकाळी उठल्यावर जबडा आखडतो, घरचे म्हणतात रात्री दात खातोस, तर झोपेत दातावर दात घासूनही झीज होते, त्यासाठी आम्ही माप घेऊन नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, बनवून देतो. सुपारी चावूनही दात झिजतात, ती मात्र तुम्हालाच सोडावी लागेल.

ब्रश सॉफ्टच घ्या, पेनसारखा धरा म्हणजे जोर आपोआप कमी लागतो, फ्लोराईडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट चार दिवसांत फरक नाही म्हणून टाकून देऊ नका, दोन ते चार आठवडे लागतात. खाच खोल असेल तर आम्ही दाताच्या रंगाचं फिलिंग करतो, आणि झीज दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर रूट कॅनल आणि कॅप. पण घासायची पद्धत तीच राहिली तर फिलिंगही टिकत नाही, म्हणून तपासायला येताना घरचा रोजचा ब्रश आणि मंजन पिशवीत टाकून आणा, ब्रशचे केस कसे पसरलेत ते बघूनच आम्हाला निम्मं कळतं.