अंधारातल्या जेवणाची पार्श्वभूमी

सजावट विकून जेवण वाढण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये १८८५ साली तुरुंगाच्या देखाव्याचं कॅफे निघालं, वेटर कैद्यांच्या वेशात. पुढच्या दशकात त्याच शहराच्या माँमार्त्र भागात एका कॅबरेने शवपेट्यांचीच टेबलं केली. मग १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांच्या देखाव्याची रेस्टॉरंटं आली. १९७१ साली लंडनमध्ये उघडलेल्या कॅफेच्या भिंतीवर पुढे गिटारी लागल्या आणि त्यातून जगभरची साखळी उभी राहिली. १९९०च्या दशकात मात्र हा प्रकार अंगाशी आला. सिनेमातल्या वस्तू मांडणारी एक गाजलेली साखळी १९९९ साली दिवाळखोरीत गेली. देखावा एकदा पाहून झाला की पुन्हा कशाला यायचं, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झुरिकला जे रेस्टॉरंट उघडलं, त्यात पाहायलाच काही नव्हतं: जेवायचं ते पूर्ण अंधारात. मुळात १९८८ साली फ्रँकफर्टमध्ये सुरू झालेलं, अंधारात फिरून अनुभवायचं प्रदर्शन झुरिकला आलं होतं. ते पाहून काही अंध मंडळींनी अंधारातलंच कायमचं रेस्टॉरंट काढायचं ठरवलं. फोन, चमकणारं घड्याळ बाहेर ठेवायचं, वेटरच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने आत शिरायचं. मित्र समोर बसलेला असतो, पण आहे तो फक्त आवाज. मान डोलावून चालत नाही, हुंकार द्यावा लागतो.

वाद आहे तो वाढणाऱ्यावरून. झुरिकच्या मंडळींसाठी अंधार हे साधन होतं. हेतू अंधांना रोजगार देण्याचा होता, आणि त्या खोलीत तरबेज कोण आणि परावलंबी कोण हे आपोआप उलटं होत होतं. कोलोन, बर्लिन, पॅरिस, लंडन अशी कल्पना पसरली आणि तिथेही अंध कर्मचारी राहिले. पण बीजिंगमध्ये एका ठिकाणी डोळस वेटरना रात्री दिसणारे चष्मे देण्यात आले. खर्चाच्या, सोयीच्या बाजूने यावर बोलता येईल. तरी खांदा ज्याचा धरायचा तोच बदलला, की उरतो तो लपंडाव. ‘दृष्टी गेली की चव वाढते’ ही जाहिरातही जपूनच घ्यावी. अंधारात जेवणाऱ्यांना आपण किती खाल्लं याचा अंदाज येत नाही, हे मात्र प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या एका अभ्यासात सहभागींना अंध माणसं कामाला कमी सक्षम वाटू लागली. तासाभरात कळते ती पहिल्या दिवसाची भांबावलेली अवस्था, वर्षांच्या सरावाने आलेलं कौशल्य नव्हे. म्हणूनच वाढणारा अंध असणं हा तपशील नाही.

वाढणारा कोण, हा प्रश्न अंधाराबाहेरही येतो. टोकियोत २०२१ साली कायमस्वरूपी उघडलेल्या एका कॅफेत यंत्रमानव ऑर्डर घेतात. त्यांना दुरून चालवणारी माणसं घरी, काही तर अंथरुणाला खिळलेली, आणि पगारी आहेत.