टाकीतलं तण

फिश टँकला शेवाळ धरलं की माणूस आधी ब्रश घेऊन घासायला बसतो. मीही बसलो होतो. लातूरला, ऐन एप्रिलात. दोन फुटी टाकी, काचेवर हिरवा थर आणि अनुबियस या सावकाश वाढणाऱ्या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांना काळी दाढी. उदगीरकडचे मामा आले होते. वाकून बघितलं आणि म्हणाले, "काच कशाला घासतोस रे? पीक दाटलं नाही तुझं, म्हणून तण माजलंय."

मामांना मत्स्यालयातलं ओ की ठो कळत नाही, पण निदान पक्कं होतं. सोयाबीन पेरल्यावर महिना-दीड महिना कोळपणी-खुरपणीचा. एकदा पिकानं रान झाकलं की खाली ऊन पोचत नाही, तण दबतं. नव्या टाकीचंही तेच. पहिले चार-सहा आठवडे वनस्पतींनी नीट मूळ धरलेलं नसतं. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणूही फिल्टरमध्ये पुरेसे वाढलेले नसतात. वरून दिवा मात्र बारा-बारा तास, कारण पाहुण्यांना टाकी दाखवायची असते! साध्या टायमरवर दिवा सहा-सात तासांवर आणा, खिडकीतलं ऊन टाकीवर येऊ देऊ नका. अर्धं काम इथंच होतं. या काळात काचेवर येणारा, बोटानं पुसला जाणारा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. तो बहुधा आपणहून जातो, त्याच्या मागे लागू नये.

उरलेलं अर्धं काम वनस्पतींना खाऊ घालण्याचं, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. शेवाळ दिसलं की लोक खत बंद करतात. शेवाळाला फार थोडं लागतं, ते कसंही भागवतं. उपाशी राहतात त्या वनस्पती. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं लोकांपर्यंत पोचवलेला नियम असा, की जे पोषकद्रव्य सगळ्यात कमी, वाढ तेवढीच. आपल्याकडे चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं, ते याच कारणानं. जमिनीत लोह असतं, पण पिकाला घेता येत नाही. बोअरच्या जड पाण्याची टाकी म्हणजे तसलंच रान. पीएच सातच्या वर गेला की साधं लोह विरघळलेलं राहत नाही, तळाशी बसतं. म्हणून खतात लोह विरघळलेलं धरून ठेवणारं द्रव्य घालतात. बाटलीवर 'ईडीटीए लोह' लिहिलं असेल तर तेही अशा पाण्यात त्या द्रव्यापासून लवकर सुटतं. 'डीटीपीए' लिहिलेलं त्यापेक्षा तग धरतं. नवं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय असं समजा.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड. कूलरच्या पॅडवर पांढरी खरपुडी धरते ती बघा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीतही रोज पाणी आटतं आणि आपण वरून पुन्हा बोअरचंच ओततो. महिनाभरात पाणी आणखी जड. म्हणून आटलेलं पाणी आरओच्या पाण्यानं भरावं आणि बदलायचं पाणी वेगळं धरावं. व्हॅलिस्नेरियाच्या लांब पट्ट्यांवर पांढरी पूड दिसली तर मात्र घाबरू नका. कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ही वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेते आणि चुना पानावर बसतो. माझ्या मते आपल्या पाण्याला हीच वनस्पती आणि हायड्रिला बरी. मऊ पाण्याच्या नाजूक लाल वनस्पतींचा हट्ट इथं महागात पडतो.

आता ती काळी दाढी. तिचा एक झुपका कापून औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो चक्क लालसर! हे मुळात लाल शेवाळ. त्यातलं हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि त्याखाली झाकलेलं लाल रंगद्रव्य उघडं पडतं. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सारखं खाली-वर होणाऱ्या टाकीत, सावकाश वाढणाऱ्या पानांवर ते हमखास बसतं. फिल्टर दहा मिनिटं बंद करून, सिरिंजनं तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेट झुपक्यावर सोडायचं. टाकीतल्या पाण्याच्या लिटरमागे एक मिलिलिटरच्या वर नको. बुडबुडे येतात आणि पुढच्या काही दिवसांत दाढी गुलाबी होऊन मरते. फार माखलेलं पान सरळ कापून टाकावं.

वाळूवर निळसर-हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी आणि कुबट वास मारणारी साय आली तर ते शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. गुरांना घालतात त्या अझोल्याच्या पानात राहून नत्र धरणारे याच कुळातले. नळीनं साय ओढून घ्या आणि टाकी तीन दिवस चादरीनं पूर्ण झाका. हवेचा पंप मात्र चालू हवा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. अंधारात वनस्पती तो तयार करत नाहीत, वर मरणारी साय कुजताना तोच खाते.

शेवाळ खायला म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतो. तो फूटभराच्या वर वाढतो आणि खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो. घेतलाच असेल तर विहिरीत किंवा मांजरा नदीत सोडू नका.

राहिलं पाणी बदलणं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचं म्हटलं की घरात भांडण ठरलेलं. आमच्याकडे तो तंटा कढीपत्त्यानं मिटवला. टाकीतून काढलेल्या पाण्यात नत्र असतंच, दर रविवारी एक बादली त्याच्या बुडाशी जाते आणि आता आई स्वतःच विचारते, "अरे, माशांचं पाणी कधी काढणार?"