पार्श्वभूमी : पावलोवा म्हणायचं तरी कशाला?

पावलोवा म्हणजे मेरँगवर (साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला फेस) क्रीम आणि फळं घालून केलेला गोड पदार्थ. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा, यावर जुनं भांडण आहे. डिसेंबर २०१० मध्ये इंग्रजीतल्या एका मोठ्या कोशाच्या ऑनलाइन आवृत्तीत ‘पावलोवा’ या शब्दाचा पहिला छापील दाखला न्यूझीलंडमधला, १९२७ चा असल्याचं समोर आलं. त्या भांडणाचा निकाल लागला, असाच बहुतेक बातम्यांचा सूर होता. बातमीच्या तळाशी एक ओळ होती, ती फारशी कुणी वाचली नाही. त्या दाखल्यातला पावलोवा म्हणजे थरांची रंगीत जेली होती. त्यात मेरँगचा पत्ता नव्हता. शिवाय तीच जेली त्याच जिलेटिन उत्पादकाच्या पुस्तिकेच्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीत १९२६ लाच छापून आली होती.

सगळा घोळ इथेच आहे. अ‍ॅना पावलोवा ही रशियन बॅले नर्तिका १९२६ मध्ये या दोन्ही देशांत नाचून गेली आणि तिचं नाव मिळेल त्या गोड पदार्थाला चिकटलं. (ती आपल्याकडेही येऊन गेली. १९२८ मध्ये मुंबईत तिचा कार्यक्रम झाला, पण आपण तिच्या नावाने काही गोडधोड केलं नाही.) आधी जेली. मग १९२८ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये कॉफी आणि अक्रोड घातलेली छोटी मेरँग, एका घासात संपणारी. मग १९२९ मध्ये दूध उत्पादकांच्या एका वार्षिकात ‘पावलोवा केक’, म्हणजे मेरँगचे थर लावलेला केक. ती कृती एका वाचकाने टोपणनावाने पाठवली होती. १९३३ मध्ये क्राइस्टचर्चजवळच्या रँगिओरा गावातल्या महिलांच्या पाककृती-संग्रहात हे नाव पुन्हा दिसतं. एकच शब्द आणि दहा वर्षांच्या आत तीन निराळे पदार्थ.

याच्या उलटही झालंय. मेरँगमध्ये फळांचं सारण भरण्याची कृती १९२६ च्या न्यूझीलंडमधल्या एका पुस्तकात आहे, पण तिथे पावलोवाचं नावच नाही. म्हणजे नाव शोधायला गेलं तर जेली हाती लागते आणि पदार्थ शोधायला गेलं तर नाव सापडत नाही.

ऑस्ट्रेलियाची बाजू पर्थच्या एका हॉटेलवर उभी आहे. १९३५ मध्ये तिथल्या शेफने उंच, आतून मऊ मेरँग केक केला. ‘पावलोवासारखा हलका’ असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं, अशी कथा आहे. ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. पण त्याच शेफने १९७३ च्या एका मुलाखतीत सांगितलं की, आपण एका महिला मासिकातली कृती सुधारून घेतली होती. मासिकाचा तो अंक एप्रिल १९३५ चा आणि कृती पाठवणारी व्यक्ती न्यूझीलंडची. त्यानंतर पर्थच्या वाट्याला ‘शोध’ उरत नाही, ‘सुधारणा’ उरते. मात्र ही सुधारणा किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. आज आपण ज्याला पावलोवा म्हणतो, त्याची ओळख वरच्या क्रीमने ठरत नाही, आतल्या गराने ठरते.

हा गर नेमका कसा येतो? चार अंड्यांचे पांढरे (साधारण १२० ते १३० ग्रॅम) आणि २२० ते २३० ग्रॅम साखर, इथवर ते साधं मेरँगच आहे. त्यात दोन टीस्पून कॉर्नफ्लोअर आणि एक टीस्पून पांढरा व्हिनेगर गेला की स्वभाव बदलतो. आम्लामुळे प्रथिनं एकमेकांना घट्ट धरत नाहीत, त्यामुळे फेस रवाळ होत नाही आणि कोसळतही नाही. कॉर्नफ्लोअर सुटणारं पाणी धरून ठेवतं. बाहेर पातळ कुरकुरीत पापुद्रा येतो आणि आत मार्शमॅलोसारखा ओलसर गर राहतो. इथे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ घातलं तर सगळं वाया. अमेरिकन कृतीत मात्र या स्टार्चला ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात आणि ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणजे मक्याचं पीठच असतं, तेही ध्यानात ठेवावं. आणखी एक खोच आहे. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा, न्यूझीलंडमधला १५ चा. कृती कुठली आहे हे न बघता मापलं तर कॉर्नफ्लोअर सरळ पाव ते एक-तृतीयांश इतकं चुकतं.

२०१५ मध्ये दोन अभ्यासकांनी हा वाद आणखी मागे नेला. ऑस्ट्रियातला ‘श्पानिशे विंडटोर्टं’ आणि जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेलेला ‘शाउमटोर्टं’ हे पावलोवाचे पूर्वज असल्याचं त्यांनी मांडलं. विंडटोर्टंला पूर्वज म्हणणं ताणल्यासारखं वाटतं, कारण तो आतपर्यंत कोरडा खडखडीत असतो आणि पायपिंगच्या पिशवीतून मेरँगची कडी काढून रचलेला असतो. शाउमटोर्टं मात्र सहजी बाजूला काढता येत नाही. विस्कॉन्सिनमधल्या त्याच्या कृतींत व्हिनेगर असतो आणि वर स्ट्रॉबेरी-क्रीमही. याहून मागे जायचं तर ‘मेरँग’ हा शब्दच १६९२ च्या एका फ्रेंच पुस्तकात भेटतो. पण तिथे गेल्यावर पावलोवाबद्दल बोलण्यासारखं काही राहत नाही.

वरच्या फळांचा इतिहास त्यामानाने ताजा आहे. किवीच्या हिरव्या चकत्या म्हणजे पावलोवाची मूळ ओळख, असा समज आहे. पण त्या फळाला ‘किवीफ्रूट’ हे नाव मिळालं १९५९ मध्ये, तेही निर्यातीसाठी. त्याआधी ते ‘चायनीज गूसबेरी’ होतं. पॅशनफ्रूट आणि स्ट्रॉबेरी टिकून राहिल्या त्या आंबटपणामुळे. इतक्या साखरेवर पिकलेला हापूस घातला तर ते नुसतं गोडावर गोड होतं. घालायचाच असेल तर वर लिंबू पिळावं लागतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या कामाला उत्तम, आणि तिच्या हंगामात हवाही कोरडी असते.

हवेचा मुद्दा मोठाच आहे. साखर ओलावा ओढते, त्यामुळे जुलैच्या मुंबईत पापुद्रा तासाभरात चिकट होतो. साखरही आपल्याकडची जाड दाण्याची. मिक्सरमधून क्षणभर फिरवून बारीक करावी, पण पिठीसाखर होऊ देऊ नये. फेस मऊ टोकं धरू लागला की एकेक चमचा घालत जावं. बोटांत चोळून कण लागतोय का ते बघावं. न विरघळलेल्या साखरेचा पाक होतो आणि तो तळाशी पाझरतो. वर सोनेरी थेंब आले तर दोष साखरेचा नसून आचेचा किंवा जास्त भाजल्याचा असतो. ओव्हन १५० अंशांवर तापवून आत ठेवताच १२० वर आणावा, सव्वा तास भाजावं आणि बंद ओव्हनमध्येच गार होऊ द्यावं. घाईने बाहेर काढलं की मध्यभाग खचतो. छोट्या ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरची तापणारी सळई जवळ असते, म्हणून १८ सेंटिमीटरच्या वर्तुळापलीकडे जाऊ नये आणि रॅक सर्वांत खाली लावावा. बारीक तडे पडले तर पडू द्यावेत. क्रीमखाली ते दिसत नाहीत.

क्रीमच्या बाबतीत मात्र कृती शब्दशः पाळून भागत नाही. तिकडच्या क्रीममध्ये ३५ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. आपल्या किराणा दुकानातल्या टेट्रापॅकमध्ये साधारण २५ टक्के, आणि ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. व्हिपिंग क्रीमच आणावं. साखर न घालता गार भांड्यात फेटावं आणि वाढण्याआधी अर्धा तास वर लावावं, त्याहून आधी नाही.

अलीकडचं वळण बिनअंड्याचं आहे. काबुली चणे शिजवलेल्या पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो हे २०१४ मध्ये फ्रान्समध्ये पुढे आलं आणि वर्षभरात त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव मिळालं. एका पांढऱ्याऐवजी दोन टेबलस्पून (१५ मिलिलिटरचे) दाट पाणी घ्यायचं. ते पातळ असेल तर आटवून गार करायचं. पण अंड्याच्या पांढऱ्यासारखं हे उष्णतेने घट्ट होत नाही, नुसतं वाळतं. म्हणून १०० अंशांवर दोन तास तरी ठेवावं लागतं. पापुद्रा झकास येतो. आतला मऊ गर मात्र सहसा धरत नाही, आतपर्यंत सगळं कोरडं होतं. गराची कसोटी लावली तर हा पावलोवा विंडटोर्टंच्याच जास्त जवळचा.