डेस्कटॉपमधली धूळ: घरच्या घरी, पण जपून

पंखा एकसारखा घोंगावतो, जड काम सुरू केले की संगणक मंदावतो किंवा मधेच बंद पडतो. अशा वेळी आधी धुळीवर संशय घ्यावा. कॅबिनेटच्या तळाशी साचलेली धूळ दिसायला वाईट, पण तिचा उपद्रव कमी. नडते ती प्रोसेसरचा पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्या यांच्यामध्ये अडकलेली धूळ. तिथे दाट थर जमतो, हवा आरपार जात नाही, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो.

आधी वीज तोडा

संगणक शट डाउन करा. स्लीप पुरेसे नाही. मागचा एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करून सगळ्या वायरी काढा आणि पुढचे पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) उरलेली वीज निघून जाते. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो घ्या. नाहीतर नंतर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लागते आणि ‘डिस्प्ले गेला’ म्हणून उगाच धावपळ होते.

कॅबिनेट बाल्कनीत किंवा मोकळ्या जागी न्या, नाकाला मास्क लावा. आतल्या भागांना हात लावण्याआधी, आणि कामाच्या अधूनमधूनही, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्याने चिप निकामी होऊ शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नका, तो याच कारणासाठी: त्याच्या प्लास्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते.

धूळ काढताना

मऊ, कोरडा ब्रश आणि हवेचा कॅन किंवा छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर एवढ्यावर काम भागते. गॅरेजमधला कॉम्प्रेसर नको. त्याच्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचे तुषार येतात. कॅन सरळ उभा धरा. तिरका झाला की आतला गारठवणारा द्रव बाहेर येतो, शिवाय तो बहुधा ज्वालाग्राही असतो. १५ सेंटिमीटर अंतरावरून थोडी थोडी हवा मारा, वरून खाली.

प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते, आणि तो जोडलेला असेल तर उलटी वीज बोर्डाकडे जाऊ शकते.

हीटसिंकवरचा थर वरून फुंकून निघत नाही. क्लिपा किंवा स्क्रू सोडवून फक्त पंखा बाजूला घ्या, थर ब्रशने सुटा करा आणि मग हवा मारा. हीटसिंक मात्र जागचा हलवू नका. तो निघालाच, तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी लागते. जुन्याच पेस्टवर परत बसवला तर मधे हवा अडकते.

जाळीचे फिल्टर पाण्याने धुतले तरी चालतात, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. एसएमपीएसला बाहेरूनच हवा द्या, तो उघडू नका. त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टपेक्षा जास्त विजेचा दाब उरलेला असू शकतो.

पुन्हा सुरू करताना

झाकण लावण्याआधी एकदा चालू करून बघा. बीप वाजून स्क्रीन काळी राहिली, तर बहुधा रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड जागेवरून हलले आहे: वीज तोडा, काढा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. ‘सीपीयू फॅन एरर’ दिसली तर पंख्याची पिन जोडायची राहिली आहे. लगेच बंद करा. ग्राफिक्स कार्डाचा पंखा फिरत नसेल तर घाबरू नका, बरीच कार्डे तापल्याशिवाय पंखा सुरूच करत नाहीत. जळका वास आला, तर मात्र वायर काढून यंत्र दुरुस्तीसाठी आमच्याकडे आणा.