कयाकवर फिश फाइंडर व ट्रान्सड्यूसर बसवणे

गळाने मासे धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान वल्ह्याच्या होडीवर, म्हणजे कयाकवर, ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याची खोली, तळाचा प्रकार आणि मासे दाखवणारे यंत्र जोडण्याची पद्धत. यंत्राचे मुख्य भाग तीन : समोर दिसणारा पडदा, पाण्यात ध्वनी सोडणारा व प्रतिध्वनी ऐकणारा ट्रान्सड्यूसर आणि बॅटरी. घेणारा माणूस बहुतेक वेळा पडद्याचा आकार बघून यंत्र निवडतो. जोडणी नीट झाली की नाही हे मात्र एकाच गोष्टीवर ठरते. ट्रान्सड्यूसरचे तोंड आणि पाणी यांच्यामध्ये हवा राहिली असेल, तर सर्वांत महागडे यंत्रही आंधळे होते.

मासे शोधण्याचे पहिले व्यवहारात उतरलेले यंत्र जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये नागासाकी परिसरातील मच्छीमारांसाठी आणले. ते मोठ्या नौकांसाठी होते. पुढे यंत्रे लहान झाली, १२ व्होल्टवर चालू लागली, आणि आता गार्मिन, लॉरन्स, हमिनबर्ड या कंपन्यांची चार-पाच इंची यंत्रे कयाकवर सहज मावतात.

ध्वनीचे काम

ट्रान्सड्यूसरमध्ये पीझोविद्युत सिरॅमिकची चकती असते. विजेचा झटका मिळाला की ती कंप पावते आणि ध्वनीचा स्पंद पाण्यात जातो. तळाला किंवा माशाला लागून परतलेल्या स्पंदाने ती पुन्हा कंप पावते आणि त्या कंपाची वीज होऊन यंत्राकडे जाते. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. १० मीटर खोल तळापर्यंत जाऊन यायला त्याला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग पुरतो. जाण्यायेण्याच्या या वेळेवरून यंत्र खोली काढते.

हा ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. झोत किती रुंद हे वारंवारतेवर आणि चकतीच्या आकारावर अवलंबून असते. नेहमीच्या ट्रान्सड्यूसरमध्ये २०० किलोहर्ट्झचा झोत सुमारे २० अंशांचा, तर ८३ किलोहर्ट्झचा सुमारे ६० अंशांचा असतो. ३ मीटर पाण्यात पहिला तळाचा जेमतेम १ मीटर रुंदीचा गोल दाखवतो, दुसरा साडेतीन मीटरचा. २० मीटर खोल पाण्यात हेच आकडे ७ आणि २३ मीटर होतात. उथळ पाण्यात रुंद झोत आणि खोल पाण्यात अरुंद झोत, हा नियम यातूनच निघतो.

माशाच्या अंगावरून येणारा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या वाताशयाचा, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. पाण्यातून हवेवर आदळलेला ध्वनी जवळपास सगळाच्या सगळा परत फिरतो. ज्या गुणामुळे मासा दिसतो, तोच गुण जोडणीत आड येतो. ट्रान्सड्यूसरखाली अडकलेला वाटाण्याएवढा बुडबुडाही ध्वनी खाली जाऊ देत नाही.

पंचगंगेच्या खोऱ्यातले पाणी

कोल्हापूर परिसरात मासेमारी काठावरून गळाने, नावेतून जाळ्याने, तसेच गाडीच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून होते. नदी ओलांडायला गुऱ्हाळाची काहील पाण्यात उतरवण्याची रीतही या भागाने पाहिली आहे. कयाक त्या मानाने नवी आहे, आणि तिच्यावर यंत्र कसे बसवावे हे ती कोणत्या पाण्यात उतरणार यावर ठरवायला हवे.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते व नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घालतात, पाणी मागे तुंबते आणि उन्हाळ्यापर्यंत काही मीटर खोलीचा संथ फुगवटा राहतो. कयाकसाठी हे उत्तम पाणी. मात्र त्यात जलपर्णी, गाळ, बुडालेली झुडपे आणि काठाचे खडक असतात. होडीच्या बाहेर लोंबणारी प्रत्येक वस्तू कधी ना कधी त्यांत अडकते. भोगावतीवरील राधानगरी आणि दूधगंगेवरील काळम्मावाडी यांच्या जलाशयांत याच्या उलट स्थिती असते. पाणी खोल, तळ चढउताराचा, आणि जुन्या झाडांचे बुंधे पाण्याखाली उभे. तिथे यंत्राचा खरा उपयोग होतो.

जलाशय व तलावांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी संस्थेची आणि धरण सांभाळणाऱ्या विभागाची परवानगी घ्यावी. माशांची पिलावळ त्या संस्थांनी पैसे खर्चून सोडलेली असते. यंत्र लावून त्यावर हात मारणे हे त्यांच्या पोटावर पाय देणे आहे.

ट्रान्सड्यूसर कुठे बसवावा

कडक प्लास्टिकच्या कयाक पॉलिथिनच्या एकसंध कवचाच्या असतात. ध्वनीच्या दृष्टीने पॉलिथिन पाण्यापासून फार दूरचे नाही, म्हणून तळाच्या आतून सोडलेला ध्वनी थोडी ताकद गमावून खाली पोचतो. यावर कवचाच्या आतील जोडणी आधारलेली आहे, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यासाठी तीच सर्वांत शहाणपणाची. बाहेर काही लोंबत नाही, जलपर्णी अडकत नाही, होडी काठावरून ओढत नेली तरी काही घासत नाही, आणि तळाला भोकही पाडावे लागत नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. तळ तिथे सपाट आणि एकपदरी असावा, आत फोम चिकटवलेला नसावा. माणूस बसल्यावर तो भाग पाण्यात पूर्ण टेकलेला राहावा. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लाटेवर उचलला जातो, म्हणून तो टाळतात. आणि झाकणातून तिथे हात पोचायला हवा. आसनाच्या थोडे मागे किंवा पायांच्या मध्ये, मध्यरेषेजवळ, अशी जागा सहसा सापडते.

चिकटवण्याआधी चाचणी घ्यावी आणि तिच्यात घाई करू नये. ट्रान्सड्यूसर पाणी भरलेल्या जाड प्लास्टिक पिशवीत घालून, पिशवीतली हवा काढून, ती कवचाच्या आत निवडलेल्या जागी ठेवावी. पिशवी आणि कवच यांच्यामध्येही पाण्याचा थर हवा, म्हणून तिथे तांब्याभर पाणी ओतावे. मग होडी संथ पाण्यात नेऊन खोलीचा आकडा वाचावा. त्याच जागी ट्रान्सड्यूसर होडीच्या कडेने थेट पाण्यात धरून पुन्हा वाचावा, आणि दोरीला वजन बांधून खोली मोजावी. तिन्ही आकडे जुळले आणि आतून पाहताना तळाची रेघ सलग दिसली, तर जागा बरोबर आहे. आकडा गायब होत असेल किंवा उड्या मारत असेल, तर जागा बदलायची. सिलिकॉनची ट्यूब अजून उघडायची नाही.

जागा पक्की झाली की कवच आतून स्पिरिटने पुसून कोरडे करतात. मरीन सिलिकॉनचा भरपूर गोळा मध्यभागी ठेवून ट्रान्सड्यूसर त्यावर दाबत, डावी-उजवीकडे थोडा फिरवत बसवतात, म्हणजे हवा कडेने निघून जाते. सिलिकॉन चारी बाजूंनी बाहेर आलेले दिसले पाहिजे. मग वर हलके वजन ठेवून निदान एक दिवस हात लावू नये. एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी पॉलिथिनला नीट धरत नाही. उन्हात कवच फुगते-आकसते, पुटी सुटते आणि तिच्याखाली हवेचा पापुद्रा तयार होतो. दिसायला सगळे जागच्या जागी, आणि पडदा मात्र कोरा.

दुसरा मार्ग ओल्या खोबणीचा. व्यायामाच्या चटईसारख्या जाड, पाणी न शोषणाऱ्या फोमचा तुकडा घेऊन त्यात ट्रान्सड्यूसरच्या मापाचे भोक कापतात आणि तो कवचाला आतून चिकटवतात. निघताना खोबणीत थोडे पाणी ओतून ट्रान्सड्यूसर तिच्यात दाबायचा. परतल्यावर तो उचलून घरी नेता येतो. ज्यांना कयाक गच्चीवर किंवा उघड्यावर ठेवावी लागते, त्यांना ही पद्धत जास्त सोयीची.

आतील जोडणीला मर्यादा आहेत. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारे, तळाचे छायाचित्रासारखे चित्र काढणारे किंवा बाजूला बघणारे ट्रान्सड्यूसर कवचाआडून उपयोगी पडत नाहीत. पाण्याचे तापमानही कळत नाही, कारण संवेदक कवचाचे तापमान सांगतो. हवा भरायच्या कयाकमध्ये आतून बसवण्याचा प्रश्नच येत नाही. फायबरच्या होडीत एकसंध थर असेल तर चालते. थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नाही.

अशा वेळी बाजूचा दांडा लावतात. होडीच्या कडेला असलेल्या खाचपट्टीत एक दांडा अडकवून त्याच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बसवतात आणि तो पाण्यात हातभर खाली सोडतात. बाजारात असे तयार दांडे मिळतात, पण उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंगची कामे करणाऱ्या कोल्हापूरला ते बाहेरून मागवायची गरज नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉक, म्हणजे आपोआप सैल न होणारे, नट एवढ्यात तो होतो. महत्त्वाचा भाग त्याची बिजागरी. बोल्ट इतकाच आवळावा की वल्हवताना दांडा जागचा हलू नये, पण दगडाला लागला तर मागे वळून वर यावा. पक्का आवळलेला दांडा खडकावर आदळला की ट्रान्सड्यूसर फुटतो किंवा कडेची पट्टी उखडते. दांडा वल्ह्याच्या फटक्याच्या मागे असावा, आणि ट्रान्सड्यूसरचे तोंड माणूस होडीत बसलेला असताना पाण्याला समांतर करावे. रिकाम्या होडीवर केलेले माप बसल्यावर बदलते.

वर बसायच्या कयाकमध्ये पाणी निचरायला आरपार भोके असतात, त्यांना स्कपर म्हणतात. काही होड्यांत त्यांपैकी एकाखाली ट्रान्सड्यूसरसाठी खोलगट जागा दिलेली असते. तिथे तो थेट पाण्यात राहतो, त्यामुळे चित्र स्वच्छ मिळते. पण काठाच्या जांभ्यावरून किंवा घाटाच्या पायऱ्यांवरून होडी ओढली, तर पहिला ओरखडा त्यालाच बसतो. ही सोय वापरणाऱ्याने होडी उचलून नेण्याची तयारी ठेवावी.

पडदा, वायर आणि बॅटरी

पडदा गुडघ्यांच्या पुढे, हात पोचेल पण वल्हे लागणार नाही असा, गोळ्याच्या सांध्यावर बसवतात. पोलराइज्ड चष्म्यातून काही पडदे काळे दिसतात. बसवण्यापूर्वी चष्मा लावून, पडदा आडवा-उभा फिरवून बघावे. कवचात साधे स्क्रू मारू नयेत. पॉलिथिनमध्ये ते काही दिवसांत सैल होतात. आतून हात पोचतो तिथे मोठा वॉशर लावून आरपार बोल्ट, नाही पोचत तिथे पाकळ्या उघडणारे रिव्हेट. भोक पाण्याच्या रेषेच्या वरच पाडायचे आणि सिलिकॉनने बंद करायचे.

ट्रान्सड्यूसरची वायर कापून आखूड करू नये. जोड दिलेल्या वायरीत पाणी शिरते आणि विजेचा गोंगाट पडद्यावर ठिपके होऊन दिसतो. उरलेली वायर सैल वेटोळ्यात बांधावी. होडीला विजेची मोटर असेल, तर तिच्या वायरीपासून ही वेगळ्या बाजूने न्यावी आणि बॅटरीही वेगळी ठेवावी.

बॅटरीसाठी शेतकऱ्याला दूर जावे लागत नाही. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते आणि ती इथे चालते. लहान यंत्र साधारण अर्धा अँपिअर घेते असे धरले, तर अशी बॅटरी कागदावर १६ तास पुरेल. पण शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून ८ तास धरावेत. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी असते व जवळजवळ पूर्ण वापरता येते; तिला तिचाच चार्जर लागतो. कोणतीही असो, धन टोकाजवळ यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज घालावा, बॅटरी पाणबंद डब्यात ठेवावी आणि डबा मध्यरेषेवर, तळाशी, पट्ट्याने बांधावा. सुटी बॅटरी एका बाजूला सरकली की होडीचा तोल जातो.

पडदा वाचताना

पडद्याच्या अगदी उजव्या कडेला असते तेच आत्ताचे. बाकी सगळे मागे पडलेले. होडी माशावरून पुढे जाते तेव्हा अंतर आधी कमी व मग जास्त होते, म्हणून कमान उमटते. होडी थांबलेली असेल आणि मासाही खाली थांबला असेल, तर कमानीऐवजी लांब रेघ दिसते. कातळी तळाची रेघ ठळक येते, कधी दुप्पट खोलीवर तिचा दुसरा प्रतिध्वनीही दिसतो. गाळाची रेघ फिकट आणि जाड. उन्हाळ्यात खोल जलाशयात मधोमध आडवी धूसर पट्टी दिसते. ती वरचे कोमट आणि खालचे थंड पाणी यांची सीमा. तिच्या खाली प्राणवायू कमी असतो, म्हणून गळ बहुधा तिच्या वरच्या थरातच ठेवतात.

जातीनुसार यंत्राची उपयुक्तता बदलते. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात. हे दोन्ही पडद्यावर चांगले येतात. कटला वरच्या थरातला. तिथे झोत अगदी अरुंद असतो आणि होडीची चाहूल लागून तो बाजूला होतो, म्हणून पडदा रिकामा दिसला तरी कटला जवळपास असू शकतो. मरळ उथळ, वनस्पतींनी भरलेल्या कडेला राहते व हवा घ्यायला वर येते; तिच्यासाठी यंत्रापेक्षा डोळे कामाचे. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात शिरतात, तेव्हा पाणी गढूळ आणि बुडबुड्यांनी भरलेले असल्याने पडद्यावर नुसता ठिपक्यांचा गोंधळ दिसतो. ते मासे अंडी घालायला निघालेले असतात, त्यांना जाऊ द्यावे.

बरगे काढल्यानंतर किंवा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडण्याच्या दिवसांत कयाक नदीत उतरवू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण कयाकसाठी नदी त्याच्या कितीतरी आधी धोक्याची होते. बरगे घातलेले असतानाही बंधाऱ्याच्या भिंतीपासून लांब राहावे. यंत्र खाली बघते. पुढची भिंत, सांडणारे पाणी किंवा कृष्णेच्या पात्रातली मगर त्यावर दिसत नाही. लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीत ठेवलेले नव्हे.

घरी आल्यावर बाहेर बसवलेल्या ट्रान्सड्यूसरचे तोंड साबणाच्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावे. शेवाळाचा पातळ थरही प्रतिध्वनी कमजोर करतो. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, त्याने प्लास्टिकचे तोंड तडकते. आतल्या जोडणीची सिलिकॉनची कड उन्हाळ्यानंतर एकदा बोटाने दाबून पाहावी. कुठे सुटलेली असेल, तर वरून थर न देता सगळे काढून पुन्हा बसवावे.