लाकडात उरलेला देखणा बुरूज

म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात लिंडनच्या लाकडात कोरलेलं एक शहर आहे: १५७० सालचं म्युनिक. ते घडवणारा याकोब झांटनर हा श्ट्राउबिंग गावचा कातारी, लेथवर लाकूड कातणारा कारागीर. १५६८ मध्ये त्याने आपल्या गावाची प्रतिकृती केली, तीही कुणी न सांगता. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त ती पाहून इतका खूश झाला की त्याने म्युनिक, लांड्सहूट, इंगोलश्टाट आणि बुर्गहाउझेन या शहरांचं कामही त्यालाच दिलं. शेवटची प्रतिकृती १५७४ ची.

म्युनिकच्या प्रतिकृतीत घरांची दाटी आहे, उतरत्या छपरांच्या रांगा आहेत आणि त्या सगळ्यांच्या वर फ्राउएनकिर्खे या चर्चचे दोन घुमटधारी मनोरे. पण माझं मन गुंततं ते काउफिंगर रस्त्यावरच्या वेशीत. तिचं नाव शोनर टुर्म, म्हणजे देखणा बुरूज. दर्शनी भिंतींवरच्या रंगीत चित्रांमुळे तिला हे नाव पडलं. ही शहराच्या सर्वांत जुन्या तटाची पश्चिमेकडची वेस. पुढे शहर वाढलं, बाहेरून नवा तट आला आणि वेस भर वस्तीत आली.

बुरुजाजवळ राहणाऱ्या एका सोनाराची दंतकथा म्युनिकमध्ये आजही सांगतात. दुरुस्तीला आलेला दागिना नाहीसा झाला, चोरीच्या आरोपावरून त्या बिचाऱ्याला देहदंड झाला, आणि नंतर दागिना सापडला तो पक्ष्याच्या घरट्यात! खांद्यावर बुरूज पेलणाऱ्या सोनाराची मूर्ती तिथल्या कोपऱ्यावरच्या इमारतीला आहे.

१७९५ मध्ये म्युनिक यापुढे तटबंदीचं शहर नाही असं जाहीर झालं आणि तट उतरवायला सुरुवात झाली. १८०७ मध्ये देखणा बुरूजही पाडला गेला. त्याच जुन्या तटाची पूर्वेकडची वेस म्हणजे जुन्या नगरभवनाचा मनोरा. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांनंतर तोही गेला होता, पण १९७०च्या दशकात तो पुन्हा उभारला. पश्चिमेच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. काउफिंगर रस्त्याच्या फरसबंदीत बुरुजाच्या पायाची आखणी तेवढी दिसते. लोक तिच्यावरून खरेदीच्या पिशव्या घेऊन जातात. बुरुजाची जुनी चित्रं आहेत, पण त्याची उंची आणि शेजारच्या छपरांशी असलेलं नातं बाजूबाजूने फिरून पाहायचं, तर झांटनरच्या लाकडी शहरापाशीच जावं लागतं.