ईआरपी आणि कंपनीचा हिशोब
ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, विक्री, पगार, अकाउंट्स हे सगळं एकाच डेटाबेसवर चालवणारं सॉफ्टवेअर. हे नाव गार्टनर या अमेरिकन रिसर्च कंपनीने १९९० मध्ये पाडलं, पण जर्मनीची सॅप कंपनी १९७२ पासून याच धंद्यात आहे.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात गेलात तर स्टोअरचं रजिस्टर वेगळं, खरेदीवाल्याची एक्सेल वेगळी आणि मेहताजींचं (हिशोबनिसाचं) टॅली हे अकाउंटिंग सॉफ्टवेअर तिसरंच, मग महिना संपला की तिघांचे आकडे जुळवत बसायचं आणि जे जुळत नाही ते सस्पेन्स, म्हणजे न लागलेल्या आकड्यांच्या, खात्यात ढकलून मोकळं व्हायचं. (दिवाळीत चोपडापूजनाला लॅपटॉपलाही कुंकू लागतं, पण त्याने स्टॉक जुळत नाही!)

ईआरपीत खरा फरक गेटवर पडतो. माल आला की स्टोअरवाला जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतो, स्टॉक तिथेच वाढतो आणि अकाउंट्सला एंट्री आपोआप पडते, स्टॉक नावे आणि 'माल आला, बिल यायचंय' अशा मधल्या खात्याला जमा. म्हणजे ३१ मार्चला माल आत आणि बिल एप्रिलमध्ये, तरी देणं त्याच वर्षात दिसतं, नाहीतर आधी ते कुणाच्या लक्षात राहिलं तर राहिलं. पुढे बिल आलं की ते पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएनशी ताडतात, याला थ्री-वे मॅच म्हणतात. १०० नग मागवले, ९६ आले, बिल १०० चं, तर पेमेंट तिथेच अडकतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर याची गरज वाढली कारण इनपुट क्रेडिटसाठी (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीसाठी) प्रत्येक बिल जीएसटी पोर्टलवरच्या २बी या यादीशी जुळवावं लागतं. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग सक्तीचा आहे, म्हणजे मागची एंट्री गुपचूप बदलायची सोय गेली.

घोळ होतो तो मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत. एकच बेरिंग 'बेरिंग ६२०५', '६२०५ बेरिंग' आणि 'बेअरिंग-६२०५' अशा तीन नावांनी चढलं की स्टॉक तीन ठिकाणी फुटतो, एकीकडे मायनस दुसरीकडे ढीग, आणि दोष सॉफ्टवेअरला. ओपनिंग स्टॉक अंदाजे टाकला तर तेच. म्हणून आधी गोडाऊन मोजायचं, मग दोन-तीन महिने जुनं-नवं दोन्ही चालवायचं, त्याला पॅरलल रन म्हणतात. काम डबल होतं, मेहताजी वैतागतात, पण दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकेचा तक्ता) सारखा आल्याशिवाय जुनं बंद करत नाहीत.